दुरुस्तीच्या टेबलावरून : एक ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या तीन जोड्या

प्रश्न : माझ्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला मागे ‘ए’ आणि ‘बी’ अशा स्पीकरच्या दोन जोड्या लावायची सोय आहे. ‘ए’वर हॉलमधले ८ ओहमचे स्पीकर आहेत, ‘बी’वर झोपायच्या खोलीतले ६ ओहमचे. परवा गच्चीसाठी ४ ओहमची जुनी जोडी ‘बी’च्याच टर्मिनलमध्ये सोबत खोचली. हळू आवाजात सगळं ठीक चालतं. आवाज वाढवला, की पंधरा-वीस मिनिटांत ॲम्प गप्प होतो आणि निवला की पुन्हा सुरू होतो. ॲम्प १०० वॉटचा आहे, स्पीकर सगळे मिळूनही तेवढ्या वॉटचे भरत नाहीत. मग बिघाड कशात आहे?

उत्तर : बिघाड कशातच नाही. ॲम्प तापल्यावर स्वतःला वाचवायला गप्प होतो आहे, हे नशीब समजा. आधी ते वॉट डोक्यातून काढून टाका. स्पीकरवरचे वॉट म्हणजे तो किती सोसेल एवढंच. ॲम्पमधून तो किती ओढणार, हे ओहमवर, म्हणजे तो विजेला किती अडवतो यावर ठरतं. आणि इथे आकडा लहान तितकं ओझं जास्त. पत्र लिहिणाऱ्या दहांतले नऊ जण इथेच फसतात.

तुमच्या एका चॅनेलचा (डाव्या किंवा उजव्या बाजूचा) हिशेब मांडू. ८ आणि ६ ओहम समांतर, म्हणजे दोघांच्या वायरी एकाच टर्मिनलवर; हिशेब गुणाकार भागिले बेरीज : ४८ भागिले १४, साधारण ३.४ ओहम. त्याला समांतर आणखी ४ ओहम जोडले, की उरतात जेमतेम १.८५. बारा व्होल्टला एकटा ८ ओहमचा स्पीकर दीड अँपिअर घेतो, तुमचे तिघे मिळून साडेसहा घेतात. हीटसिंकला, म्हणजे ॲम्पची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, हात लावून बघितलात का? नसेल, तर लावूही नका.

आता ॲम्पच्या पाठीवर टर्मिनलजवळचा बारीक मजकूर वाचा. बहुतेक ॲम्पवर असं काहीसं असतं : ‘ए किंवा बी, ४ ते १६ ओहम, ए आणि बी, ८ ते १६ ओहम’. दोन्ही बटणं दाबली की आतमध्ये दोन्ही जोड्या समांतर होतात, म्हणून ही अट. तुमच्या ॲम्पवर हेच लिहिलेलं असेल, तर गच्चीची जोडी येण्याआधीच, ८ आणि ६ एकत्र वाजवताना, तुम्ही मर्यादेबाहेर होतात.

मी स्वतः हा हिशेब न करता एकदा चार जोड्या एकाच ॲम्पला बांधल्या होत्या. जुना ॲम्प, संरक्षणाचं सर्किट नाही, नुसता फ्यूज. आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, थेट स्पीकरवर गेला. वूफरचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) कागद फटकन पुढे आला तो मागे जाईचना; आधी गुरगुर, मग वार्निश जळल्याचा वास. खोलून पाहिलं तर व्हॉइस कॉइलचा, म्हणजे कागद हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा, कोळसा. फ्यूज उडाला, पण सावकाश, सगळं उरकल्यावर.

तुमच्याकडे जे आहे त्यात भागवायचं, तर ६ आणि ४ ओहमचे स्पीकर एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडा. ॲम्पच्या ‘बी’च्या लालमधून पहिल्याच्या लालमध्ये, त्याच्या काळ्यातून दुसऱ्याच्या लालमध्ये, दुसऱ्याच्या काळ्यातून परत ॲम्पच्या काळ्यात. डाव्या चॅनेलचं वेगळं, उजव्याचं वेगळं. दोन्हींचे काळे एकमेकांना जोडू नका, काही ॲम्पमध्ये तेवढ्यानेही आउटपुट जातं. असे ‘बी’वर १० ओहम झाले, ‘ए’वर ८ आहेतच. अट पाळली गेली. किंमत मात्र मोजावी लागते. खोलीतल्या स्पीकरला आता ‘बी’च्या व्होल्टेजचा साठ टक्केच वाटा मिळेल, म्हणजे आवाज साधारण साडेचार डेसिबलने उतरेल. गच्ची बंद ठेवून खोली वाजवता येणार नाही, कारण एकाची वायर सुटली की दोघे मुके. शिवाय निरनिराळ्या जातीचे स्पीकर एकसर लावले, की एकमेकांचा सूर बिघडवतात. खर्जात ते चटकन कानाला लागतं.

स्पीकर सिलेक्टरचा डबा घेणार असाल, तर त्यात ओहमची काळजी घेणारं सर्किट आहे ना, ते विचारा. नुसते स्विच असलेला डबा म्हणजे तुम्ही हाताने खोचलेल्या वायरीच, फक्त देखण्या. मी तुमच्या जागी असतो, तर गच्चीला छोटा वेगळा ॲम्प दिला असता आणि त्याला मोठ्या ॲम्पच्या ‘रेकॉर्ड आउट’मधून सिग्नल घेतला असता. तिथला सिग्नल मोठ्या ॲम्पच्या व्हॉल्यूमने बदलत नाही, त्यामुळे गच्चीचा आवाज गच्चीतच कमी-जास्त करता येतो.

प्रश्न : ८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर ६ दाखवतो. स्पीकर गेला का?

उत्तर : नाही. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रोध मोजतो, आणि तो छापील आकड्यापेक्षा कमीच येतो. शून्य दाखवला किंवा काहीच दाखवलं नाही, तर मात्र काळजी करा.

प्रश्न : जुन्या स्पीकरच्या लाल-काळ्या खुणा पुसल्या आहेत. कसं ओळखू?

उत्तर : वायर ॲम्पमधून काढा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, धरून ठेवू नका. वूफरचा कागद पुढे सरकला, तर सेलची धन बाजू ज्याला लागली ते लाल. मागे गेला तर उलट. ट्वीटरकडे (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे) बघत बसू नका, तिथे काही हललेलं दिसणार नाही.