पार्ट बदलले, तक्रार तशीच: जुन्या डिझेल एसयूव्हीबद्दल

तुमचं सगळं दोनदा वाचलं. मला समजलं ते असं: लॅडर फ्रेमवरची (शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर वेगळी बॉडी बसवलेली) सात आसनी डिझेल एसयूव्ही, अकरा वर्षांची. चढावर एसी लावला की टेंपरेचरचा काटा वर सरकतो, नवा रेडिएटर टाकूनही सरकतोच. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) दोनदा बदलून झाला, धूर परत आला. पुढून खडखड येते, लोअर आर्म (चाक चॅसीला जोडणारे खालचे दांडे) नवे टाकले की काही महिने शांत आणि मग पुन्हा तेच. बॅटरी टिकत नाही. ब्रेक दाबला की स्टीयरिंग थरथरतं. आणि तुमचा प्रश्न असा, की हे मॉडेलच सदोष आहे का आणि गाडी काढून टाकावी का.

मॉडेल सदोष असेलही, पण या यादीवरून ते ठरत नाही. यादीवरून एवढंच कळतं की पार्ट भरपूर बदलले गेले आणि तपासणी फारशी झाली नाही. नवाकोरा पार्ट त्याच जागी, त्याच पद्धतीने जात असेल तर त्याला मारणारं कारण गाडीत अजून शिल्लक आहे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा प्रकार चाललाय.

तापण्यापासून सुरुवात करू, कारण इंजिन कायमचं घालवू शकेल अशी तुमच्या यादीतली पहिली गोष्ट तीच आहे. मेकॅनिकने विचारायला हवा होता तो पहिला प्रश्न असा: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय का? तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. पातळी घटत असेल तर गळती शोधायची. घटत नसेल तर उष्णता बाहेर का पडत नाही ते शोधायचं. हे दोन वेगळे तपास आहेत आणि दोन्हींना 'रेडिएटर बदला' हे एकच उत्तर देणं म्हणजे अंदाजपंचे काम.

हळू वेगात, चढावर, एसी चालू असतानाच गाडी तापते आणि सपाट रस्त्यावर वेग घेतला की काटा खाली येतो, असं असेल तर संशय हवेवर घ्या. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) असतो, काही गाड्यांत इंटरकूलरही (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी). रेडिएटर आणि या जाळ्यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, चिखल यांचा नमद्यासारखा थर बसतो आणि तो समोरून दिसत नाही. रेडिएटर नवा बसवला तरी त्याच्यापुढचा कंडेन्सर चोंदलेलाच राहिला तर हवा यायची कुठून? टॉर्च घेऊन बाजूने आत बघा. धुवायचं ते इंजिनाच्या बाजूने बाहेर, आणि पाण्याचा जोर बेताचा ठेवून, नाहीतर फिन्स (जाळीची पातळ पाती) दुमडतात आणि होतं त्याहून वाईट होतं.

दुसरा संशयित फॅन. तुमच्या जातीच्या बऱ्याच गाड्यांत फॅन विजेवर नसतो, तो इंजिनाच्या पट्ट्यावर व्हिस्कस क्लचमार्फत फिरतो. क्लचमध्ये सिलिकॉन फ्लुइड असतं आणि समोर एक बायमेटल स्प्रिंग (दोन धातूंची, उष्णतेने वळणारी). रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की स्प्रिंग झडप उघडते, फ्लुइड आत येतं आणि फॅन जोर धरतो. वयानुसार फ्लुइड झिरपून जातं. मग फॅन फिरताना दिसतो, म्हणून कोणी शंका घेत नाही, पण तो हवा खेचत नसतो. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा, किल्ली काढा आणि फॅन हाताने फिरवून बघा. जड लागायला हवा. मोकळा गरगर फिरला तर क्लच गेलाय. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच जागेवर आहे ना तेही बघा, रेडिएटर बदलताना ते काढून परत न लावणारे मी पाहिलेत.

वेग कमी असो वा जास्त, लोड आला की तापत असेल तर मात्र आत बघावं लागेल: थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप), वॉटर पंप, हेड गॅस्केट (सिलिंडर आणि कूलंटच्या वाटा वेगळ्या ठेवणारं सील). थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडायला लागतो, अर्धवट अडकला तर सपाटीवर निभतं आणि चढावर उघडं पडतं. हेड गॅस्केटसाठी एक घरगुती खूण आहे. सकाळी पूर्ण थंड इंजिन सुरू करा आणि मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. पाणी अजून तापलेलंच नाही, त्यामुळे पाइप मऊ असला पाहिजे. तो दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये शिरतोय असं समजा आणि गॅस तपासणी करून घ्या. तिच्यात निळं रसायन वापरतात, ज्वलनाचा गॅस लागला की ते हिरवट-पिवळं पडतं.

रेडिएटरच्या झाकणालाही कमी लेखू नका. त्यातली स्प्रिंग दाब धरते आणि दाबामुळे उकळबिंदू वर जातो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, तेच वातावरणापेक्षा १ बार जास्त दाबाखाली १२० च्या आसपास. झाकण सैल पडलं की ही सगळी शिल्लक गेली. आणि 'उन्हाळ्यात नुसतं पाणीच बरं' हा सल्ला कृपया ऐकू नका. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. उकळबिंदू वाढतो हा एक भाग झाला, पण त्यातली गंजरोधक द्रव्यं पंप आणि हेड वाचवतात ते जास्त महत्त्वाचं. (गरम इंजिनाचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कोणीतरी हात भाजून घेतोच.)

अजून एक. डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, तापमान बरंच वरखाली झालं तरी हलत नाही. तो हलला म्हणजे उशीरच झालाय. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून खरे अंश वाचा.

आता टर्बो. माझ्या मते तुमचा दुसरा टर्बो कदाचित खराब झालाच नव्हता.

टर्बोची शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. बहुतेक टर्बोंत ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगते, धातूला धातू लागतच नाही. त्यामुळे टर्बोचं आयुष्य त्याच्या ऑइलवर ठरतं. ऑइल येतं बारीक पाइपमधून, दाबाने. परत जातं ते मात्र निव्वळ उतारावरून, खालच्या जाड पाइपने. दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात. ओळखीतल्या एका गाडीचा टर्बो असाच पुन्हा पुन्हा जायचा. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ऑइलचा आणणारा पाइप सोडून उजेडाकडे धरला. बाहेरून चकचकीत पाइप, आतून जळक्या ऑइलची काळी खपली, आणि मधून सुई जाईल एवढंच भोक. तोच जुना पाइप प्रत्येक नव्या टर्बोला जोडला जात होता. जोर लावून आलेली गाडी थांबल्या थांबल्या बंद करण्याची सवय असली की टर्बोत अडकलेलं ऑइल जळून अशी खपली धरते.

परतीच्या वाटेचं दुखणं वेगळं. इंजिनाचा ब्रीदर (आतला गॅस बाहेर सोडणारी वाट) चोंदला की क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोटात) दाब वाढतो, टर्बोतलं ऑइल खाली उतरत नाही आणि सीलमधून हवेच्या पाइपात शिरतं. निळा धूर येतो, पाइपात ऑइल दिसतं, आणि निकाल लागतो 'टर्बो गेला'. तपासायला इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि तिथेच उलटं ठेवा. थोडी वाफ, थोडी थरथर चालते. झाकण उडायला लागलं तर आत दाब आहे. आधी ब्रीदर आणि त्याचा पाइप साफ करा. तरीही दाब तसाच राहिला तर पिस्टनच्या रिंगा घासल्यात का ते बघायला कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो त्याची तपासणी).

आणि हे नक्की विचारा: पहिला टर्बो बदलला तेव्हा इंटरकूलर काढून धुतला होता का? जुन्या टर्बोने ओकलेलं ऑइल त्यात साचून राहतं. नवा टर्बो तेच ओढून आठवडे धूर काढत राहतो आणि त्याच्यावर आळ येतो. धूर ही त्यातली किरकोळ गोष्ट. साचलेलं ऑइल एकदम ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं आणि किल्ली काढूनही थांबत नाही. म्हणून हे काम पुढच्या सर्व्हिसवर ढकलू नका.

खडखडीचं कारण मला पार्टमध्ये दिसत नाही, पाना कधी आवळला त्यात दिसतं. लोअर आर्मच्या बुशमध्ये (आर्मच्या टोकाच्या रबरी जोडात) बाहेरची कडी आर्मला पक्की, आतली नळी बोल्टने चॅसीला पक्की आणि मधलं रबर दोघांना चिकटलेलं. आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळतं आणि परत सुटतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची विश्रांतीची स्थिती ती लोंबकळती ठरते. गाडी खाली आली की ते उभ्या जागी, अष्टौप्रहर पिळलेलं. मग काही महिन्यांत फाटणारच, कितीही भारी कंपनीचं आणा. बोल्ट आधी नुसते बसते करायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदोनदा दाबून बसवायची आणि मगच शेवटचा टॉर्क (ठरलेला आवळण्याचा जोर) द्यायचा. हे काम समोर उभं राहून करून घ्या.

पण आर्म काढण्याआधी आवाज तिथूनच येतो का हे ठरवा. स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीचा जोड) सगळ्यात आधी बघावी, कमी कटकटीची आहे. आणि लॅडर फ्रेममध्ये एक लपलेला चोर असतो: बॉडी माउंट. बॉडी आणि फ्रेम यांच्यामधली ही रबरं दहा वर्षांत दबून कडक होतात, आवाज हुबेहूब सस्पेन्शनचा येतो. एकाला गाडी बाजूने हलवायला सांगा आणि तुम्ही एकेक जोडावर बोटं ठेवत जा. ठोका बोटांना बरोबर कळतो, कानांना फसवतो.

बॅटरीबद्दल: बंद गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. हे ठीक असेल तर अल्टरनेटरला उगाच हात लावू देऊ नका. इंजिनाची अर्थिंगची पट्टी (इंजिनाला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) बघा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर फरक दिसला तर अर्थिंग खराब. तांब्याची विणलेली पट्टी हिरवी पडलेली, निम्म्या तारा तुटलेल्या, असंच बहुधा निघतं. तेही ठीक असेल तर गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि झोपेतला करंट मोजा, ५० मिलीअँपिअरच्या आत हवा. जास्त निघाला तर बाहेरून बसवलेला कॅमेरा, ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम एकेक करून काढत जा.

ब्रेकची थरथर म्हणजे सगळे 'डिस्क वाकली' म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क आणि हबच्या (चाक बसतं त्या भागाच्या) मध्ये गंजाचा पापुद्रा राहिलेला असतो, त्याने ती किंचित तिरकी बसते आणि पुढे तिची जाडी असमान झिजते. फिरताना डिस्कचा डोल ०.०५ मिलिमीटरच्या वर गेला की त्रास सुरू. हब घासून स्वच्छ करणं, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना मोकळ्या करणं आणि चाकाचे नट गनने न ठोकता टॉर्क रेंचने आवळणं, एवढ्यात बऱ्याचदा भागतं. लोअर आर्मचं रबर फाटलेलं असेल तर थोडीशी थरथरही स्टीयरिंगवर मोठी जाणवते, हेही लक्षात असू द्या.

जॉब कार्डबद्दल (गॅरेजमध्ये काम नोंदवतात त्या कागदाबद्दल) थोडं, कारण गोंधळ तिथून सुरू होतो. तुमच्या मागच्या कार्डांवर 'रेडिएटर बदलणे', 'टर्बो बघणे' असं लिहिलेलं आहे. तुम्ही पार्टचं नाव घेतलंत, त्यांनी तो पार्ट बदलला, आता त्यांच्या लेखी तक्रार संपली. लक्षण लिहून घ्या: 'एसी चालू, दुसऱ्या गिअरमध्ये सलग चढ, दहा मिनिटांत तापमान वाढते, सपाटीला उतरते.' असं लिहिलं की काम झालं की नाही हे तपासता येतं, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी त्याच परिस्थितीत चालवून दाखवा असं म्हणता येतं. काढलेला पार्ट परत मागा. कोणत्या बाजूने घासलाय, कुठे जळलाय, ते त्याच्यावरच दिसतं.

मॉडेलच्या दोषाबद्दल ऐकीव गोष्टींपेक्षा चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा, या नंबरवर कुठला रिकॉल किंवा सुधारणेची तांत्रिक सूचना बाकी आहे का. उत्तरही लेखीच मागा. बिनतक्रार चालणाऱ्या गाडीचा मालक कुठे काही लिहायला येत नाही, त्यामुळे चार जणांनी तीच ओरड केली म्हणून मॉडेल वाईट ठरत नाही. मात्र चारही जणांचा तोच पार्ट, तेवढ्याच किलोमीटरला, त्याच जागी तडकत असेल तर ते मनावर घ्या.

विकायचं की ठेवायचं, हे वरच्या कुठल्याच तक्रारीवर ठरवू नका. फ्रेमवर ठरवा. मागच्या स्प्रिंगच्या जोडांजवळ आणि पेटीसारख्या भागांत खालून हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर पैसे घालण्यात अर्थ नाही. दुसरं, ब्रीदर साफ करूनही क्रँककेसचा दाब तसाच असेल तर इंजिन उघडावं लागणार, तेव्हा गाडी काढलेली बरी. फ्रेम खणखणीत आणि दाब मर्यादेत असेल तर मी तरी ठेवेन. मात्र घरात ही एकच गाडी असेल आणि रोज तिच्यावाचून अडत असेल तर माझं मत तितकंसं ठाम नाही.

सध्या नवीन काही बदलू नका. थंड इंजिनावर वरच्या पाइपचा कडकपणा, आठवडाभरात कूलंट किती उतरलं, ऑइलचं झाकण उलटं ठेवल्यावर काय झालं, आणि स्टार्टर मारताना अर्थिंगचा व्होल्ट, एवढं बघून इथेच लिहा. इंटरकूलरच्या खालच्या पाइपचा आतून फोटो काढता आला तर तोही टाका.