नवीन गूज कॉल वाजत नाहीये, रीड घासू का?

प्रश्न: दादा, मी रॉचेस्टर, मिनेसोटाला असतो. कामावरच्या मित्रांबरोबर दोन वर्षं कॅनडा गीज या रानहंसांच्या शिकारीला जातोय पण कॉल, म्हणजे हंसासारखा आवाज काढून त्यांना बोलावायची फुंकायची नळी, नेहमी तेच वाजवतात, म्हणून या जूनमध्ये स्वतःचा घेतला, ॲक्रिलिकचा शॉर्ट रीड, म्हणजे आत थरथरणारी पत्ती (रीड) आखूड असलेला, १४० डॉलर गेले. महिना झाला, एकतर नुसतं फुस्स होतं नाहीतर एकदम चिरकतं, मधलं काही नाहीच. मित्र म्हणतो रीड नवी आहे, कडक आहे, सँडपेपरने जराशी घास. मी ती काढून गरम पाण्याने धुतली आणि परत बसवली तर आता फुस्ससुद्धा होत नाही. सप्टेंबरमध्ये सीझन सुरू होतो, त्यात अपार्टमेंट आहे, शेजारी वैतागलेत. काय करू? नाही जमलं तर फोनवरून आवाज लावला तर चालेल का?

उत्तर: सगळ्यात आधी तो सँडपेपर ड्रॉवरमध्ये परत ठेवा, हात जोडून सांगतो. माझे वडील सांगलीला पेट्या दुरुस्त करायचे, पेटीच्या सुराची पितळी पत्ती टोकाकडे घासली की सूर चढतो आणि मुळाकडे घासली की उतरतो हे मी लहानपणापासून बघितलंय, आणि त्याच भरवशावर माझ्या पहिल्या कॉलची रीड मी घासली होती. पण पितळ वेगळं आणि ही मायलर प्लॅस्टिकची पातळ पट्टी वेगळी. दोन हात जास्त फिरले की ती कायमची लुळी पडते, मग जरा जोरात हवा दिली की खालच्या पट्टीला, टोनबोर्डला, चिकटून बसते आणि आवाजच बंद होतो. शिवाय बऱ्याच कॉलची रीड बनवणाऱ्याने आधीच हवी तेवढी घासून दिलेली असते. तुमच्या कॉलमध्ये बिघाड आहे असं मला तुमच्या पत्रावरून अजिबात वाटत नाही.

आता ते बसवण्याचं बघू. कॉल उघडलात की आत तीन गोष्टी दिसतील, खोबणी असलेला टोनबोर्ड, त्याच्यावर रीड, आणि रीड मागून दाबून धरणारी छोटी पाचर. सगळा खेळ रीड पाचरीच्या पुढे किती मोकळी राहते त्याचा आहे. जास्त मोकळी राहिली तर आवाज खालचा आणि सुस्त, कमी राहिली तर चढा आणि किरटा, आणि हा फरक केसाएवढ्या अंतराने पडतो, म्हणून तर काढायच्या आधी बारीक मार्करने रेघ मारून ठेवायची असते किंवा फोनवर फोटो काढायचा असतो. ते आता राहिलंच, हरकत नाही. रीड सपाट काचेवर ठेवून बघा, गरम पाण्याने वाकली असेल तर कडा उचललेल्या दिसतील, तसं असेल तर त्याच मॉडेलची नवी रीड मागवा, काही डॉलरचं काम आहे. सरळ असेल तर मागचं टोक खोबणीत नीट टेकवा, पुढचं टोक टोनबोर्डच्या टोकाच्या बरोबरीला येतंय का आणि रीड दोन्ही बाजूंनी सारखी बसलीय का ते उजेडात धरून बघा, मगच पाचर दाबा. वाजवून बघा, नाही पटलं तर नखाच्या टोकाएवढी सुद्धा नाही, त्याहून कमी सरकवा आणि परत वाजवा. सूर लागला की लगेच रेघ मारून टाका. आणि यापुढे धुवायचं तर कोमट पाणीच.

रीड कडक असते हे मात्र तुमच्या मित्राचं खरं आहे. नवी रीड वाजवून वाजवूनच मुरते, लोणचं मुरतं तशी, तिला शॉर्टकट नाही. पण एक सांगू का, त्या दिवसांत रीडपेक्षा आपला श्वास जास्त मुरत असतो. महिन्याभराने लोक म्हणतात आता कॉल सुटला, आणि तोच कॉल नवशिक्याच्या हातात दिला की परत फुस्स. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने, ज्याने मला हे शिकवलं, त्याने एकदा माझा 'बिघडलेला' कॉल हातात घेतला, पुसला, आणि पहिल्याच फुंकेत असा वाजवला की अंगणातली कुत्री उठून उभी राहिली.

तर श्वास. बासरीसारखी फुंकर मारू नका, गालात हवा भरू नका. चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण तोंड उघडून 'हाऽ' करून वाफ सोडतो ना, ती हवा पाहिजे, पोटातून येणारी, गरम, घसा मोकळा ठेवून. एक हात पोटावर ठेवा, आत जाताना कळला पाहिजे. कॉलचं पुढचं टोक डाव्या मुठीत धरा, बोटं जवळजवळ मिटलेली, म्हणजे हवेला जरा अडवणूक होते आणि रीड सहज हलते. तुमचं जे एकदम चिरकतं ते हात सताड उघडे आणि हवा एकदम जोरात, यामुळे होतंय, आणि जे फुस्स होतं ते हवा गालातून येते म्हणून.

पहिले आठ-दहा दिवस फक्त खालचा सूर काढायचा, ज्याला इथे मोन म्हणतात, लांब, घोगरा, 'हूऽऽऽ'. कंटाळा येईल, येऊ दे. तो थरथर न होता चार-पाच सेकंद टिकायला लागला की मग हळूहळू हवेचा दाब वाढवत न्या, एका ठिकाणी आवाज खालून वर फटकन तुटतो, मुलाचा आवाज फुटतो तसा. ती जागा सापडली की अर्धं काम झालं! तिथून मागेपुढे करत राहा, खाली, वर, खाली, वर, ती जागा डोळे मिटून सापडली पाहिजे. 'हू-ईट' म्हणत केलं की झाला हॉन्क. तोच हॉन्क आखूड करत करत, जिभेने पटकन कापून, 'ट्विट' एवढाच ठेवला की झाला क्लक, आणि क्लक हेच खरं कामाचं अक्षर आहे, बाकी डबल क्लक, मर्मर, कमबॅक वगैरे सगळे आवाज म्हणजे याच दोन-तीन गोष्टींची जुळवाजुळव. मेरीलँडमधल्या ईस्टनला दर नोव्हेंबरच्या वॉटरफाउल फेस्टिव्हलमध्ये गूज कॉलिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते, तिथले लोक एका कॉलमधून अख्खा थवा उभा करतात, त्यांचे व्हिडिओ जरूर बघा पण त्यांच्या स्पीडची नक्कल आत्ता करू नका, सप्टेंबरपर्यंत स्वच्छ मोन, हॉन्क आणि क्लक आले तरी तुम्ही शेतात उपयोगाचे आहात.

वेळ म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं पुरे, ओठ आणि पोट थकलं की चुकीची सवय लागते. अपार्टमेंटमध्ये नको. गाडीत बसून करा, पण गाडी पार्क केलेली असू दे आणि कानात इअरप्लग घाला, बंद गाडीत हा आवाज कानाला खरंच वाईट आहे. आठवड्यातून एकदा मोकळ्या मैदानात जा, फोन रेकॉर्डिंगला लावून तीस पावलं लांब ठेवा आणि मग वाजवा. आपल्याला जो आवाज ऐकू येतो तो आपल्या डोक्यातला असतो, पक्ष्याला जातो तो हा, लांबचा.

आणि तुम्ही रॉचेस्टरला राहता याचं तुम्हाला काही वाटतं का? अहो, तुमच्या गावात सिल्व्हर लेक आहे! जायंट कॅनडा गूज ही सगळ्यात मोठी उपजात नामशेष झाली असं पुस्तकांत लिहिलेलं होतं, आणि १९६२ च्या जानेवारीत हॅरॉल्ड हॅन्सन या जीवशास्त्रज्ञाला ती तिथेच सापडली. वीजकेंद्राच्या गरम पाण्यामुळे तेव्हा ते तळं थंडीत गोठायचं नाही म्हणून पक्षी तिथे राहायचे. पकडलेल्या पक्ष्यांची वजनं इतकी भरली की काटाच खोटा असेल म्हणून त्यांनी दुकानातून साखर आणि पीठ आणून काटा तपासला, आणि काटा बरोबर निघाला. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

तर कॉल घरी ठेवून तिथे जाऊन बसा, एक तास. गवत खाणारे पक्षी आपापसात किती हळू, खालच्या सुरात बोलतात ते ऐका. उडायच्या आधी माना कशा हलवतात आणि आवाज कसा घट्ट होत जातो, लांबून दुसरं कुटुंब येताना दिसलं की खालचे काय म्हणतात. मी फोनवर तेच रेकॉर्ड करून आणतो आणि गाडीत त्याच्याबरोबर वाजवतो.

फोनचा उपयोग एवढाच, घरी आणि गाडीत. नेहमीच्या सीझनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज लावून कॅनडा गीज बोलावणं अमेरिकेत कायद्याने बंद आहे, तोंडाने वाजवायचा कॉलच चालतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. तुमचा जन्म १९७९ नंतरचा असेल तर मिनेसोटाचा फायरआर्म्स सेफ्टीचा कोर्स झालेला असेलच, लायसन्स आणि २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारं केंद्र सरकारचं तिकीट, पण वेळेत घ्या. शेतात गेल्यावर एकच लक्षात ठेवा, थवा आपल्याकडे पंख ताणून उतरायला लागला की कॉल खाली. वळून जायला लागला तरच दोन क्लक. नवशिके नेमके उलट करतात, पक्षी येताना बघून आनंदाने वाजवत सुटतात आणि ते वरच्या वर फिरतात.

प्रश्न: मी विनिपेगला असते, नवरा आणि मी दोघं जातो. ऑक्टोबरच्या शेवटी पहाटे कॉल अर्ध्या तासात मुका होतो, घरी आल्यावर परत ठीक. रीड खराब झाली का?

उत्तर: नाही ताई, रीड चांगली आहे, आत थुंकी गोठते. कॉल जॅकेटच्या बाहेर गळ्यात लोंबकळत ठेवू नका, आतल्या थरात छातीशी ठेवा, आणि वाजवून झाला की उलट्या बाजूने एक जोराची फुंकर मारून झटकून मग आत टाका. दोन कॉल असले तर आलटून पालटून वापरता येतात, दोघं आहात तर ते सहज जमेल. आणि पहाटे थर्मासातला गोड चहा पिऊन लगेच वाजवू नका, साखर रीडखाली जाऊन चिकटते, मग ऊन आलं तरी तो मुकाच राहतो. चहानंतर दोन घोट साधं पाणी प्या. सीझनमध्ये आठवड्याला एकदा कोमट पाण्याने धुवून, रीड न काढता तिच्याखालून साधा डेंटल फ्लॉस हलक्या हाताने फिरवा.

प्रश्न: काका, मी पुण्यात बारावीला आहे, बर्डिंग करतो. मामाने अमेरिकेहून गूज कॉल आणलाय. भिगवणला हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात, त्यांना जवळ बोलवून फोटो काढता येतील का?

उत्तर: नको रे बाळा, नाही करायचं. एक तर हा कॉल कॅनडा गूजच्या आवाजासाठी बनवलेला आहे आणि तो पक्षी आपल्याकडे येतच नाही, पट्टकदंबाचा आवाज वेगळा, जास्त नाकातला. दुसरं म्हणजे ते हिमालय ओलांडून उजनीच्या पाण्यावर येतात ते खाऊन-पिऊन परत जायची ताकद साठवायला. आपण आवाज काढून त्यांना दोनदा उगाच उडवलं तर ती ताकद आपण खाल्ली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे म्हणून तिथला नावाडी, मच्छिमार सगळे या पक्ष्यांना सांभाळून असतात, त्यांच्या होडीत बसून तू कॉल काढलेला त्यांना आवडणार नाही.

पण कॉल टाकून देऊ नकोस. वर रॉचेस्टरच्या दादांना मोनचं जे सांगितलंय ते गच्चीवर करून बघ, श्वास छान तयार होतो. आणि भिगवणला जाताना नुसते कान घेऊन जा, पहाटे उजाडायच्या आधी होडी थांबवून इंजिन बंद करायला सांग. त्या वेळेला पट्टकदंब पाण्याच्या कडेला बसून जे बोलत असतात ते लिहून काढायचा प्रयत्न कर, आपल्या अक्षरांत, हं, आं, जे ऐकू येईल ते. जमलं तर मला पाठव, पुढच्या अंकात घेऊ.