घरी ड्रिप कॉफीच्या (कपावर अडकवायची कागदी गाळण-पिशवी, वरून गरम पाणी ओतायचं) एका कपाच्या पुड्या भरून ठेवायच्या आहेत. प्रमाण किती? चव का उतरते?

पुडीत १२ ग्रॅम पूड, वर १८० मिली पाणी. चमच्याने मोजू नका, वजनकाटा घ्या. हलकी भाजलेली आणि गडद भाजलेली पूड एकाच चमच्यात वेगळ्या वजनाची भरते. दळण साधारण जाड रव्याएवढं. साउथ इंडियन फिल्टरची बारीक पूड इथे चालत नाही: कागद तुंबतो, पाणी वर साचतं, कॉफी कडू होते. पिशवी अर्धीच भरा, पूड भिजली की फुगते. आधी २५ मिली पाणी ओतून ३० सेकंद थांबा, कॉफीत अडकलेला वायू निघू द्या. मग उरलेलं दोन-तीनदा.

चव उतरते ती हवेमुळे. कारखान्यात पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरतात. घरी ते जमत नाही, म्हणून आठवड्यापुरत्याच भरा, हवाबंद डब्यात.