चावी आत दाबली की मिनिट काटा सरकतो, घड्याळ बिघडलंय का?

तुमचा प्रश्न असा: आजोबांचं एचएमटी जनता, म्हणजे रोज चावी द्यायचं जुनं मनगटी घड्याळ, हाती आलं, मोबाईल समोर ठेवून वेळ लावली, तरी चावी (घड्याळाच्या कडेची गुंडी) आत दाबताना मिनिट काटा जरासा सरकतो. शिवाय सेकंद काटा बारावर येतो तेव्हा मिनिट काटा दोन रेघांच्या मध्येच कुठेतरी असतो.

बहुतेक बिघडलेलं नाही. माझ्याकडे वडिलांचं जनता आहे, त्याच्याशी मीही वर्षभर असाच भांडत होतो. शेवटी मुंबईतल्या फोर्टातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "दाताला दात चिकटवून बसवला तर चाक फिरणार कसं?"

चावी बाहेर ओढली की तिच्या दांडीवरचं एक छोटं दातेरी चाक काट्यांच्या चाकांना जाऊन भिडतं. आत दाबली की ते सुटतं, आणि सुटताना दात घासून काट्याला हलका धक्का बसतो. दातांमध्ये केसभर मोकळीक ठेवावीच लागते. तुम्ही काटा पुढे फिरवत आणलात की ती मोकळीक एका बाजूला दाबलेली असते आणि चावीवर ताण राहतो. तसंच दाबलंत तर काटा उडी मारणारच.

मी असं करतो. मनगटावरून घड्याळ काढायचं, कारण हातात असताना चावी तिरकी ओढली जाते आणि दांडीवर जोर येतो. काटा हव्या त्या वेळेच्या पाचेक मिनिटं मागे न्यायचा आणि पुढे फिरवत रेघेवर आणायचा. पोचला की चावी किंचित उलटी. किंचित म्हणजे काटा हलता कामा नये, पण बोटाला ताण सुटल्याचं कळलं पाहिजे. मग अंगठ्याच्या नखाने चावी सरळ आत. बोटांच्या चिमटीत धरून दाबलीत तर दाबता दाबता ती फिरते, निम्म्या वेळा चूक तिथेच होते.

सेकंदाचं दुखणं वेगळं. जनतात चावी ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही, बांधणीच तशी आहे. नुसते दोन्ही काटे जुळवायचे असतील तर सेकंद काटा बारावर येईपर्यंत थांबा आणि त्याच क्षणी मिनिट काटा रेघेवर आणा. खऱ्या वेळेशीही सेकंद जुळायला हवा असेल तर चावी पूर्ण उतरून घड्याळ बंद पडू द्या. समजा सेकंद काटा वीसवर थांबला. आता मिनिट काटा आठ पाचच्या रेघेपुढे एक तृतीयांश घर नेऊन ठेवा, चावी आत दाबा आणि मोबाईलवर आठ वाजून पाच मिनिटं वीस सेकंद झाले की चावी द्यायला लागा. चालू होईना तर हलकासा झटका. चावी ओढून उलट्या बाजूला हलका दाब दिला तर सेकंद काटा थांबतो, हा शॉर्टकट बरेच जण सांगतात. चालतो, विशेषतः चावी उतरत आलेली असताना, पण रोज करावं असं नाही. आमचे घड्याळजी यावर तोंड वाकडं करतात.

आता बिघाड कुठला ते सांगतो. सेकंद काटा व्यवस्थित चालतोय, पण मिनिट काटा तासागणिक मागे पडतोय, आणि वेळ लावताना चावी लोण्यातून फिरावी तशी हलकी फिरतेय, तर मिनिट काटा धरणारी छोटी दातेरी नळी, म्हणजे कॅनन पिनियन, सैल झाली आहे. ते घरी करायचं काम नाही, दाखवा. चावीला थोडा चिकट, एकसारखा विरोध लागत असेल तर सगळं ठीक.

जनताला तारीख नाही, ही कटकट टळली. तारखेचं घड्याळ घेतलंत तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात चावीने तारीख बदलू नका, तेव्हा तारखेची चाकं आधीच गुंतलेली असतात.

दिवसाला पाचदहा सेकंदांचा फरक मनावर घेऊ नका. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यात दहा म्हणजे काय! आमचे आजोबा गिरगावात राहायचे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू असली तरी मुंबईत १९५५ पर्यंत 'मुंबई वेळ' टिकून होती, ३९ मिनिटं मागे. कुणी वेळ दिली की ते आधी विचारायचे, "कुठली?"

मी रोज सकाळी आंघोळीनंतर चावी देतो, घट्ट लागेपर्यंत, त्यापुढे जोर नाही. रविवारी सेकंद जुळवतो. आठ तेराची लोकल पकडताना मात्र स्टेशनातलं इंडिकेटरच बघतो.