मुतखड्यासाठी केलेल्या सीटीत किडनीची सिस्ट आणि आतड्यात डायव्हर्टिक्युला निघाले. घाबरावं का?

मी नागपूरच्या धंतोलीत सीटी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. तेवढं धरून वाचा.

तुमच्या बाबांचं वय 62, कंबरेत कळ आली म्हणून स्कॅन केला, खडा दिसला नाही. पण उजव्या किडनीत 2 सेंटिमीटरची 'सिम्पल सिस्ट' आणि 'सिग्मॉइड डायव्हर्टिक्युलोसिस', म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागात डायव्हर्टिक्युला, असं लिहून आलं. या वयाच्या लोकांच्या रिपोर्टात हे दोन्ही शब्द आम्हाला सतत दिसतात.

सिम्पल सिस्ट म्हणजे पातळ भिंतीची, आत नुसतं पाणी असलेली पिशवी. सिस्टचे बॉस्निअ‍ॅक नावाचे वर्ग असतात. 1 आणि 2 ला पुढे काही करावं लागत नाही, 2 एफ ला काही महिन्यांनी पुन्हा तपासतात, 3 किंवा 4 असेल तर युरोलॉजिस्टकडे जायचंच. एक मेख आहे. खड्यासाठीचा स्कॅन शिरेतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते औषध) न देता होतो, त्यामुळे काही सिस्टचा उलगडा त्यात होत नाही. रिपोर्टात 'इनडिटरमिनेट', म्हणजे नक्की सांगता येत नाही, असं लिहिलं असेल तर सोनोग्राफी किंवा कॉन्ट्रास्टचा सीटी सांगतील. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी, बघतात.

डायव्हर्टिक्युला म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलेले छोटे फुगे. बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. त्यांना सूज आली तर प्रकरण वेगळं: ताप, ओटीपोटात डावीकडे दुखणं. तसं झालं किंवा शौचातून रक्त गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कोणी पेरू बंद करा, बियांचं काही खाऊ नका म्हटलं तर ऐकू नका बाप्पा, तो सल्ला जुना झाला. 'वॉल थिकनिंग' असेही शब्द असतील तर आतडं रिकामं, मिटलेलं असल्यानेही भिंत जाड दिसते. कोलोनोस्कोपी (मोठं आतडं आतून कॅमेऱ्याने बघणं) लागेल का ते डॉक्टर ठरवतील.

घरात जुनी सोनोग्राफी असेल तर शोधा. चार वर्षांपूर्वीही सिस्ट तेवढीच होती हे दिसलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं. नुसता कागद नेऊ नका, सीडीही न्या.

एक मात्र विचाराच. एवढ्याशा साध्या सिस्टने सहसा कळ येत नाही. मग बाबांची कंबर दुखली कशाने? खडा आधीच लघवीवाटे निघून गेला असेल, किंवा दुखणं स्नायूचं, मणक्याचं असेल. सिस्टच्या गडबडीत ते राहून जाऊ देऊ नका.