वाचकांचे प्रश्न : सूर्य कागदावर उतरवताना

प्रश्न : नुकताच सेवानिवृत्त झालो असून गेल्या महिन्यात ४० मिलिमीटर व्यासाची हायड्रोजन-अल्फा दुर्बीण घेतली. छायाचित्रांत दिसतात तशा ज्वाळा मला दिसत नाहीत. नुसती लाल तबकडी दिसते. शिवाय मोबाइलने फोटो निघत असताना हाताने चित्र काढण्यात काही अर्थ आहे का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आपल्या दुर्बिणीत दोष असण्याचा संभव मला कमी वाटतो. सूर्य पाहण्यासाठीच बनवलेली ही दुर्बीण हायड्रोजनच्या लाल प्रकाशाची, ६५६.२८ नॅनोमीटरच्या आसपासची अत्यंत अरुंद पट्टी तेवढी आत सोडते, आणि ती पट्टी जरा जरी इकडे-तिकडे सरकली तरी तपशील नाहीसा होऊन लाल तबकडी उरते. नळीवरचे ट्यूनिंगचे कडे अगदी सावकाश फिरवावे. कडेवरच्या ज्वाळा, म्हणजे प्रॉमिनन्स, एका जागी उठून दिसतात आणि तबकडीवरच्या काळ्या रेषा त्याच्या किंचित पुढे-मागे.

दुसरी अडचण डोळ्याची असते. लख्ख उन्हात आखडलेल्या बाहुलीला अंधूक ज्वाळा दिसणे कठीण, म्हणून डोक्यावरून काळे कापड घ्यावे आणि त्याच्या आत निदान दोन-तीन मिनिटे डोळा नेत्रिकेशी, म्हणजे ज्यातून पाहायचे त्या भिंगाशी, ठेवून थांबावे. गच्चीचा स्लॅब तापला की प्रतिमा पाण्याखाली ठेवल्यासारखी हलू लागते. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या स्वच्छ सकाळी, सूर्य उगवून दीड-दोन तास झाल्यावर आणि स्लॅब तापण्यापूर्वी, सर्वांत चांगले दिसते; जवळ गवताळ मोकळी जागा असेल तर ती गच्चीहून बरी.

आता चित्राविषयी. आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पाहण्याची सवय खरी लागते ती हातात पेन्सिल आल्यावरच. प्रॉमिनन्स तबकडीपेक्षा पुष्कळच फिके असल्यामुळे एकाच फोटोत दोन्ही नीट उतरत नाहीत. सरावलेला डोळा मात्र ती एका दमात पाहतो. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे, म्हणजे सूर्यावरच्या काळ्या डागांचे, नेहमीचे चित्र काढत बसले होते, म्हणूनच डागांच्या गटावर अचानक उमटलेली आणि पाचेक मिनिटांत मावळलेली झळाळी त्यांच्या दृष्टीस पडली. सौरउद्रेकाची ती पहिली नोंद ठरली.

कागद काळा घ्यावा आणि पेन्सिल पांढरी, कारण पांढरा कागद उन्हात डोळे दिपवतो. कंपासने १५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे. या मापावर आपली पृथ्वी सुमारे १.४ मिलिमीटरची होते, म्हणजे पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या नागलीच्या एका दाण्याएवढी. तो दाणा कागदाच्या कोपऱ्यात चिकटवून ठेवावा, म्हणजे ज्वाळेची उंची आपोआप कळू लागते. आधी वेळ लिहावी, मग कडेवरचे प्रॉमिनन्स घड्याळाच्या काट्यांच्या जागांप्रमाणे टिपावेत आणि ते दहा-पंधरा मिनिटांत पुरे करावेत, कारण त्यांतले चंचल असतील ते तेवढ्यात आकार बदलतात. दुर्बीण स्थिर ठेवली की सूर्य ज्या बाजूने दृष्टिक्षेत्राबाहेर सरकतो ती पश्चिम. तेथे बाण काढावा. जे दिसले नाही ते काढू नये, आणि चित्र पुरे होईपर्यंत त्या दिवसाचे इंटरनेटवरचे फोटो पाहू नयेत.

एका हिवाळ्यात माझ्या वहीत तबकडीवर पापणीच्या केसासारखी एक काळी रेघ होती. सूर्याच्या फिरण्याबरोबर ती रोज सुमारे १३ अंश पश्चिमेकडे सरकत गेली आणि आठवडाभराने कडेला पोहोचली, तेव्हा त्याच जागी मला एक बुटके, उजळ कुंपण दिसले. तबकडीपुढे काळा दिसणारा आणि आकाशापुढे उजळणारा वायूचा ढग एकच असतो, हे मी आधी वाचलेले होते. पण ते पटले त्या सकाळी.

प्रश्न : मी नववीत आहे. बाबांच्या ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीसोबत नेत्रिकेला लावायची काळी काच मिळाली आहे. ती लावून सूर्य पाहू का?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : नाही, ती काच मुळीच वापरू नकोस. तिच्यावर भिंगाने गोळा केलेली सारी उष्णता पडते, ती पाहता पाहता तडकू शकते, आणि मग डोळ्याला इजा व्हायला क्षणही लागत नाही. एक्स-रेची फिल्मही नको. फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर असावा. त्यासाठी मिळणारी खास सौरफिल्म एक लक्षांश प्रकाशच आत सोडते. प्रत्येक वेळी ती दिव्यासमोर धरून छिद्र नाही ना हे पाहा, वाऱ्याने उडणार नाही अशी टेपने घट्ट बसव, मोठ्या नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण ठेव आणि बाबांना शेजारी उभे कर.

या दुर्बिणीतून ज्वाळा दिसणार नाहीत, पण सौरडाग छान दिसतील. ते पांढऱ्या कागदावर साध्या पेन्सिलने काढ. मग गटांच्या संख्येला दहाने गुणून त्यात एकूण डाग मिळव : तीन गटांत मिळून बारा डाग असतील तर बेचाळीस. सूर्यावरचे डाग मोजण्याची ही रीत स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फ यांची. आकडा चित्राखाली तारखेसह लिही, आणि पावसाळ्यात ढगांमुळे सूर्य दिसला नाही त्या दिवशी शून्य न लिहिता जागा कोरी सोड.