जपान-जर्मनीत कामगार समाधानी असतात म्हणून तिथलं काम चोख होतं का? चाकणला सीएनसीवर (संगणकाच्या प्रोग्रॅमने धातू कापणाऱ्या मशीनवर) आहे, जर्मनीला जावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. नोकरीत किती समाधानी आहात असं विचारणाऱ्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांमध्ये जपानी माणसं बहुतेक वेळा तळाकडेच असतात. अतिकामाने होणारे मृत्यू टाळण्यासाठी त्या देशाला २०१४ साली वेगळा कायदा करावा लागला. तरी त्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं निमूट चालतात.

मला खटकलं ते प्रश्नातलं गृहीतक, की तिथली माणसंच वेगळी. आपल्याकडचे प्लांट हेडही चहाचा कप हातात घेऊन हेच ऐकवतात, 'आपल्या पोरांना क्वालिटीचं काही पडलेलंच नसतं.' अशांना फ्रीमाँटची गोष्ट सांगावी.

कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास. सकाळी लाइन सुरू करायला माणसं कमी पडायची, कामावर दारू चालायची, मुद्दाम बिघाड करून ठेवले जायचे. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच कारखाना 'नम्मी' या नावाने उघडला. युनियन तीच आणि परत घेतलेले बहुसंख्य कामगारही तेच. टीम लीडर होणाऱ्यांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला, ताकाओकाच्या कारखान्यात लाइनवर उभं केलं. थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा जपानच्या जवळ गेला. माणसं बदललीच नव्हती, मग बदललं काय?

दोरी. लाइनच्या कडेने दोरी असते, तिला अँडन कॉर्ड म्हणतात. बोल्ट आटा सोडून बसला, क्लिप बसेना, की कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, धून वाजते, पण लाइन लगेच थांबत नाही. हे लोक नेहमी विसरतात. गाडी त्या स्टेशनच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत टीम लीडर येतो. तेवढ्यात निस्तरलं तर दोरी पुन्हा ओढायची, लाइन चालू राहते. नाही निस्तरलं तरच खुणेवर थांबते. हातात वेळ मिनिटभराचा, म्हणून एका टीम लीडरकडे चार-सहा माणसं, आणि तो स्वतः लाइनवर बांधलेला नसतो. दोरी स्वस्त आहे हो, हा मोकळा ठेवलेला माणूस महाग पडतो.

जनरल मोटर्सने हेच कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइसच्या कारखान्यात करून पाहिलं. दोऱ्या लावल्या, पण मॅनेजरचं मोजमाप गेटबाहेर किती गाड्या गेल्या यावरच राहिलं. मग कोण ओढू देणार? १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.

आता आपल्या शॉपवर या. २५ एच७ चा बोअर, म्हणजे भोकाचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलीमीटरच्या आत हवा. एकूण सूट २१ मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचे २१ हजारांश. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट देत राहतो, म्हणजे झीज भरून काढायला मशीनमधला आकडा बदलतो. त्यात जॉब, म्हणजे बनणारा भाग, गरम. स्टीलचा जॉब मास्टरपेक्षा (गेज जुळवायच्या नमुना रिंगपेक्षा) दहा अंश गरम असताना एअर गेजवर (हवेच्या दाबाने भोक मोजणाऱ्या यंत्रावर) धरला तर बोअर जवळजवळ तीन मायक्रॉन मोठा दिसतो. २५.००२ म्हणून पास झालेला जॉब थंड झाला की २४.९९९, आणि असेंब्लीत गो गेज (किमान मापाचा तपासणी दांडा) शिरत नाही. ऑपरेटरला हे पक्कं माहीत असतं. पण जॉब थंड करून मोजेपर्यंत मशीन थांबवून ठेवायची तर समोर तासाच्या टार्गेटचा फळा आहे, आणि सुपरवायझर येऊन पहिलं विचारतो, 'मशीन का उभी?' त्यात तो पोरगा ठेकेदाराचा, कायमपणाचा हक्क मागू नये म्हणून २४० दिवस भरायच्या आत कामावरून ब्रेक मिळणार. जॉब धरणाऱ्या फिक्स्चरची पिन सैल झालीय हे त्याने कोणासाठी सांगायचं? रिजेक्शनचे पैसे पगारातून कापणारे तर आणखी शहाणे, त्यांच्याकडे पुढच्या महिन्यापासून खराब जॉब सापडायचेच बंद होतात. जातात ते थेट गिऱ्हाइकाकडे.

एक कबूल करायला हवं. नम्मीत पगार युनियनचा होता आणि नोकरीची हमी होती. १९८८ च्या सुमारास मागणी पडली तेव्हा त्यांनी माणसं काढली नाहीत, ट्रेनिंगला बसवली. नुसती दोरी टांगून काही होत नाही.

जर्मनीचं म्हणाल तर तिथला त्सेरश्पानुंग्समेशानिकर (सीएनसीवर धातू कापणारा प्रशिक्षित कारागीर) साडेतीन वर्षं कारखाना आणि शाळा अशी दोन्हीकडे शिकतो. सेटिंग, मोजमाप, प्रोग्रॅममधले बदल तोच करतो. हे ज्याला आवडतं त्याला तिथे काम गोड लागेल. जर्मन भाषा मात्र बी१ (मध्यम) पातळीपर्यंत तरी करूनच निघा, नाहीतर हुशार असूनही लोडिंगवर उभे राहाल. इंटरव्ह्यूत पगारासोबत दोन गोष्टी विचारा: ऑफसेट कोण बदलतं, आणि रात्रपाळीत संशय आला तर मशीन थांबवायला कोणाची परवानगी लागते. हेच दोन प्रश्न चाकणमध्ये नोकरी बदलतानाही विचारता येतात. 'आमच्याकडे ऑपरेटरच थांबवतो' म्हणाले तर शेवटचं कधी थांबवलं होतं तेही विचारा.